खोटा पेशंट

"डॉक्टर, तुम्ही माझ्या दाढेशी बोलताय. मी इथे, जरा वर आहे."

खुर्चीतला माणूस असं म्हणाला आणि मागे बसलेला अख्खा वर्ग हसला. माझे कान तापले.

डेंटल कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला पेशंटशी कसं बोलायचं याचाही तास असतो. त्यासाठी खोटे पेशंट येतात, ठरलेलं दुखणं सांगतात आणि परीक्षेत मार्कही देतात. माझा हात वर्गात सगळ्यांत हलका... पण तोंड उघडलं की घोळ! या विषयात मी एकदा नापास झाले होते. पुन्हा उडाले असते तर सहा महिने घरी.

त्या बुधवारी नेहमी पेशंट होणाऱ्या मावशींना ताप होता, म्हणून खुर्चीत त्यांचा भाचा आला होता. लोकांना पोहायला शिकवायचा तो.

मी मास्क खाली ओढला. "सॉरी. दाढ काढावी लागेल."

"अहो, निदान आधी बसा तरी!"

तास संपल्यावर तो जिन्यापाशी थांबला होता. "रागावलात?"

"नाही." मी दोन पायऱ्या उतरले. "म्हणजे... हो."

"माझ्याकडे पाण्याला घाबरणारी माणसं येतात. 'घाबरू नका' म्हटलं की जास्तच घाबरतात. मग मी विचारतो, नेमकी भीती कशाची? एक बाई म्हणाल्या, शेजारीण बघेल त्याची!"

मला हसू आवरेना.

पुढचे तीन बुधवार मावशींचा ताप म्हणे उतरलाच नाही. तो कधी भांडखोर पेशंट व्हायचा, कधी मुका. मी बसायला शिकले, विचारायला शिकले. एकदा तो म्हणाला, "दुखतं हो रात्री... पण घरी विचारणारं कुणी नाही." आणि असं काही बघितलं, की मी पुढचा प्रश्नच विसरले.

"हे... कागदावर लिहिलंय?" मी हळूच विचारलं.

"वाक्य लिहिलंय."

"आणि बघणं?"

"ते माझं."

परीक्षेच्या दिवशी मी दार उघडलं, तर खुर्चीत मावशी! चांगल्या ठणठणीत. मी उगाचच हिरमुसले. लेकीच्या लग्नाआधी पुढचे दात काढावे लागणारी आई त्या झाल्या होत्या. मी स्टूल ओढून बसले. "लग्नात सगळ्यांत जास्त कशाची काळजी वाटते तुम्हाला?" त्यांनी तोंडावर पदर धरला. "फोटोत हसायची." मी घाई केली नाही. त्यांचे डोळे पुसून झाल्यावरच कवळीबद्दल सांगितलं.

मी पास झाले! बाहेर मावशी म्हणाल्या, "तो नाही यायचा आता. सरांना सांगून स्वतःच नाव काढून घेतलं त्याने."

का? माझा कंटाळा आला? संध्याकाळी न राहवून मी तो शिकवायचा त्या तलावावर गेले. क्लोरीनचा वास, ओल्या फरशा... आणि कंबरभर पाण्यात तो, एका आजोबांना दोन्ही हातांवर तोलून धरून उभा.

"पास?" त्याने तिथूनच विचारलं.

"पास. नाव का काढून घेतलंत?"

"परीक्षेत मार्क द्यायचे होते." तो पाण्याकडे बघत म्हणाला. "तुमच्या बाबतीत मला... खरे देता आले नसते."

"कमी दिले असते?"

"शंभरपैकी दोनशे."

"अरे, मला सोडलंस की काय?" आजोबा ओरडले. त्याने खरंच सोडलं होतं. आजोबा मात्र मजेत तरंगत होते.

मी काठावर बसले. पाय पाण्यात, सलवारची टोकं भिजलेली... फिकीर कुणाला होती!

"उद्या कॉफीला येशील?" मी म्हणाले.

'तुम्ही'वरून 'तू'वर मी कधी आले, माझ्या लक्षातही आलं नाही. त्याच्या आलं. कानापर्यंत लाल होत तो म्हणाला, "तू बोलावलंस तर आत्ताही येईन."