देयानीराचे जोड

दुपारी दोनच्या भोंग्याला, कारखान्याच्या फाटकापाशी, बदामाच्या झाडाखाली, माझा मुलगा हेरोनिमो एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायचा. माझी पाळी सकाळी सहा ते दोन, देयानीराची दोन ते दहा. सकाळभर ती माझ्या घरी माझं बाळ सांभाळायची आणि त्याच वेळी मी तिनं आदल्या संध्याकाळी वेल्डिंग केलेले पाइपांचे जोड तपासत असायचे. नवरा मॅग्दालेना नदीवर तेलाच्या बार्जवर, महिन्यातून चार दिवस घरी. बाप्तिस्म्याला बाळ हातात धरलं होतं ते देयानीरानं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे, म्हणजे एकाच बाळाच्या दोन आया, म्हणायचो. अशी शेजारीण बारांकाबेर्मेहात शोधून सापडणार नाही, असं माझी आई रोज फोनवर ऐकवायची. खोटं नव्हतं ते.

पण नऊ महिन्यांचं पोर माझ्याकडे येताना रडायचं.

"रडतोय कुठे, नाटकी आहे मेला," देयानीरा हसायची. "बघ, डोळ्यांत टिपूस तरी आहे का?"

तिच्या हातांवर कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग होते. हेरोनिमो एकेका डागावर बोट ठेवायचा, ती 'त्झ्झ' असा आवाज करायची आणि तो खिदळायचा. मी घरी एकदा त्याचं बोट धरून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, "त्झ्झ." त्यानं माझ्या कोऱ्या हाताकडे पाहिलं आणि मग दाराकडे.

माझं काम तसं सोपं. जोड पुसून त्यावर लाल रंग फवारायचा, दहा मिनिटं थांबायचं, रंग स्वच्छ पुसायचा, मग पांढरा थर फवारायचा. जोडाला कुठे तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग त्या पांढऱ्यावर झिरपून वर येतो. कुठे, ते घड्याळासारखं लिहायचं: पाइपाचा माथा म्हणजे बारा, तळ म्हणजे सहा. प्रत्येक जोडाशेजारी तो करणाऱ्याचा नंबर ठोकलेला असतो. देयानीराचा सतरा. दोन वर्षांत सतरा नंबरच्या एकाही जोडावर मी लाल ठिपका पाहिला नव्हता.

त्या मंगळवारी फाटकाशी बाळ देता देता ती म्हणाली, "अगं, काल उभा राहिला हा! खुर्ची धरून. सांगायचंच विसरले."

काल. म्हणजे मी रात्रभर त्याच्या शेजारी झोपले होते, त्याच्या पायांना तेल लावलं होतं, आणि मला ते माहीत नव्हतं.

बुधवारी सकाळी तिचा पहिला जोड पांढरा स्वच्छ होता. मी कागदावर लिहिलं: चार वाजता, तडा, बारा मिलिमीटर.

रद्द केलेला जोड आमचे मुख्य तपासनीस डॉन आर्नुल्फो स्वतः पुन्हा पाहतात. हे माझ्या लक्षात नव्हतं असं नाही. लिहिताना मला त्याची पर्वा नव्हती, इतकंच.

"देयानीराचा जोड?" ते म्हणाले. "इंजिनिअरबाई, बाळ झोपू देत नाही वाटतं तुम्हाला."

त्यांनी जोड पुसला, लाल फवारला, कपातली काळी कॉफी संपेस्तोवर थांबले, पुसला, पांढरा फवारला. मी माफीची वाक्यं जुळवत होते. चार वाजता एक ठिपका आला. मग तो लांबत गेला. त्यांनी पट्टी लावली. बारा.

"माझे शब्द मागे," ते म्हणाले. "घारीची नजर आहे तुमची."

काही तडे जोड थंड झाल्यावर कित्येक तासांनी उमटतात. हे पुस्तकात आहे, मी त्यावर परीक्षेत उत्तरही लिहिलं आहे. लांबीचं काय, ते मात्र पुस्तकात नाही.

म्हणून शुक्रवारी मी दुसरा जोड नीट, दोनदा तपासला. स्वच्छ. पांढऱ्या थराचा फोनवर फोटो काढला. मग लिहिलं: सात वाजता, एकोणीस मिलिमीटर, वाकडा, टोकाला दोन फाटे. असा तडा मी आजवर पाहिलेला नव्हता, म्हणून तर तसा लिहिला. मी शास्त्र शिकलेली बाई आहे. मला फक्त खात्री करायची होती. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. त्या सकाळी घरातून निघताना हेरोनिमोनं देयानीराच्या गळ्याला घातलेली मिठी सोडली नव्हती, हेही सांगायला हवं.

डॉन आर्नुल्फोंच्या पांढऱ्या थरावर लाल रेघ हळूहळू वळली, आणि टोकाला पोचल्यावर दोन्हीकडे फाकली.

फोनमधला फोटो अजून कोरा पांढरा आहे.

देयानीरानं दोन्ही जोड घासून पुन्हा भरले. रेघा परत आल्या. पुन्हा भरले. परत आल्या. शेवटी पाइप तिथून कापून टाकायचं ठरलं. फाटकाशी ती म्हणाली, "माझा हात गेला गं, कोमाद्रे. अजून एक रद्द झाला की वेल्डिंगचं कार्ड जाणार. मग बुकारामांगाला बहिणीकडे जायचं आणि तिच्या नवऱ्याची तोंडं बघायची."

मी हेरोनिमोला तिच्या कडेवरून घेतलं.

"तुझ्यावर राग नाही हं. तुला दिसतं ते तू लिहितेस."

मी तशीच डॉन आर्नुल्फोंकडे गेले. हेरोनिमो कडेवर किंचाळत होता. म्हटलं, माझं चुकलं, दोन्ही जोड चांगले होते, मी नसलेलं लिहिलं. त्यांनी मला जोडापाशी नेलं.

"आणि हे काय आहे? टोमॅटोचा रस्सा?"

मी त्यांच्यादेखत कागदावरची माझी ओळ खोडली. जोडावरची रेघ तिथेच होती.

त्यानंतर दहा दिवस मी सतरा नंबरबद्दल खरं तेच लिहिलं. स्वच्छ. स्वच्छ. स्वच्छ. घरी मी फार बोलतही नव्हते. आईनं फोनवर विचारलं, "पोर जेवतं का नीट?" तर म्हटलं, "हो." त्याच्याबद्दल काहीही म्हणायच्या आधी मी शब्द तपासून घेत होते.

अकराव्या दिवशी वीज गेली आणि आम्हाला दहालाच सोडलं. मी पळत घरी आले. दार उघडं होतं. झुलत्या खुर्चीत देयानीरा तिच्या कामाच्या जाड शर्टात बसली होती, आणि हेरोनिमो तिच्या छातीवर कान टेकून झोपला होता. माझ्याजवळ तो असा कधी, कधीच झोपला नव्हता.

मी दोन पावलं आत टाकली. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"श्श्. उठवशील त्याला."

माझ्या घरात. मला.

"तुझ्या त्या धुरकट शर्टानं त्याच्या छातीत घरघर होते," मी म्हणाले. "रोज ऐकते मी. उजव्या बाजूला, खाली."

शब्द बाहेर पडले आणि मला माझाच आवाज अनोळखी वाटला.

देयानीराचा चेहरा पांढराफटक पडला. "मला कशी नाही ऐकू आली?" तिनं बाळ माझ्या हातात दिलं, खुंटीवरचा माझा ब्लाऊज घेतला, आत जाऊन शर्ट बदलून आली. "चल. आत्ताच्या आत्ता दाखवू."

"राहू दे. एवढं काही नाही."

"एवढं काही नाही? उगाच बोलणारी बाई आहेस का तू?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि बाळ, एकदाचं, माझ्या कडेवर होतं. मी सांगितलं नाही.

आरोग्य केंद्रात पंख्याला वीज नव्हती. डॉक्टर ओस्पीनांनी कागदानं वारा घेत विचारलं, "काय होतंय?"

"घरघर," देयानीरा म्हणाली. "मला नाही ऐकू आली, पण हिला येते. हिचं कधी चुकत नाही, डॉक्टर."

हेरोनिमो जागा झाला होता. माझ्या केसांशी खेळत होता, हसत होता.

डॉक्टरांनी नळी कानाला लावली. डावी बाजू, वर. डावी, खाली.

"उत्तम," त्या म्हणाल्या.

उजवी, वर.

मग खाली. तिथे त्यांचा हात थांबला.

त्यांनी मान तिरकी केली. डोळे मिटले. बाहेर कुणीतरी दुचाकी बंद केली.

"डॉक्टर," मी म्हणाले, "मी खोटं बोलले. घरघर नव्हती. कधीच नव्हती."

"काय म्हणालात?" त्यांनी नळी कानातून काढली.

आणि त्या बिनपंख्याच्या शांत खोलीत, नळीशिवायच, आता आम्हा तिघींनाही ती ऐकू येत होती.