पान एक्केचाळीसवरचा हात

"हनुमंता, पान कुणी गाळलं?"

वडगाव रासाईच्या मांडवात पुस्तकांचा गठ्ठा सुटला आणि तेजश्रीनं यवतच्या प्रेसवाल्याला सगळ्यांदेखत विचारलं.

पुस्तक तात्याबा महाराजांच्या कीर्तनांचं. नातसून तेजश्रीनं जुन्या कॅसेटी ऐकून ते कॉम्प्युटरवर जुळवलं होतं. पान एक्केचाळीसवर महाराजांचे शब्द होते: 'माझ्या चाली माझ्या नव्हेत. म्हाळसाबाईनं मेंढरांमागं गायल्या, मी उचलल्या.' आज कीर्तनाआधी पहिली प्रत म्हाळसाआजीच्या हातात द्यायची, ते पान तिला वाचून दाखवायचं, असं ठरलेलं. आता तिथं महाराजांचा नुसता फोटो.

"मी कशाला गाळू, ताई? आलं तसं छापलं."

"मग पान उडून गेलं?"

कुणीतरी हसलं. हनुमंतानं मान खाली घातली.

तेवढ्यात फेटा घेऊन इंद्रजीत आला, तेजश्रीचा नवरा, महाराजांचा नातू. आजचं कीर्तन त्याचंच. टाळकरी सोपानरावांनी चिमटा काढला, "काय बुवा, सुटला का घसा? सोमवारी पहाटे काकड्याला दांडी मारली!"

"सुटला," म्हणत तो गाभाऱ्यामागच्या खोलीत गेला.

तेजश्रीनं पेटीच्या खोक्यावर लॅपटॉप मांडला. अक्षरं जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या जोडीला ती तीन छोटी टूल्स वापरायची. एक मजकुरातली नावं गोळा करून मागची सूची बनवी. दुसरं दोन फाइली शेजारी ठेवून फरक लाल रंगात दाखवी. तिसरं तयार फाइलमधलं पान काढून तिथं दुसरं बसवी.

तिनं छापील सूची उघडली. 'म्हाळसाबाई, ४१.' नाव होतं, पान नव्हतं. म्हणजे मूळ मजकुराला कुणी हात लावला नव्हता. तयार फाइलमधलंच पान बदललं होतं.

"हनुमंता, तुमच्याकडं आलेली फाइल द्या."

त्यानं मोबाईलवरून पाठवली. दोन्ही फाइली शेजारी आल्या. एक्केचाळीस लाल झालं, बाकी सगळं जसंच्या तसं.

"ही कुणी पाठवली?"

"तुमच्याच मेलवरनं आली की! पहिली आधी आली. सोमवारी काकड्याच्या टायमाला दुसरी. हीच छापा म्हणून."

त्या वेळी तेजश्री स्वतः देवळात होती. सासरे आनंदराव, घरातले आबा, शेजारीच वीणा घेऊन उभे होते.

म्हाळसाआजी आली ती काठी टेकत. वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रं बघत पानं उलटू लागली. एके ठिकाणी थांबली.

"आगं बया! माझा हात छापलाय की!"

फोटोच्या कडेला एक टाळ होता, अन्‌ तो धरलेला अर्धा हात. करंगळी वाकडी.

"एडक्यानं मोडलेली हाय ही. माझीच." आजी हरखली होती. "हातच आलाय व्हय? असू द्या. तेवढं तरी कुणाचं येतं!"

आता कुणीच हसलं नाही. तेजश्रीला वर बघवेना. तो फोटो तिच्या घरात, पुढच्या खोलीत होता. पण अख्खा. त्यात महाराजांशेजारी म्हाळसाबाई उभी होती.

ती मागच्या खोलीत गेली. इंद्रजीत फेटा बांधत होता.

"अहो, सोमवारी खरंच घसा बसला होता?"

"का गं?"

"त्याच वेळी माझ्या मेलवरनं फाइल गेली. लॅपटॉपचा पासवर्ड आपल्या दोघांनाच ठाऊक. मी देवळात, आबा देवळात. घरी तुम्ही. पान बदलायचं टूल मला तुम्हीच शिकवलंत. सूचीचं मात्र ठाऊक नव्हतं, म्हणून नाव राहिलं. अन्‌ फोटोतला हात कापायचा तर महाराजांचा खांदा कापावा लागला असता, म्हणून तो राहिला."

फेट्याचं टोक त्याच्या हातातच राहिलं.

"लोक आजोबांच्या चाली ऐकायला मला बोलावतात," तो पुटपुटला. "मेंढरांमागच्या बाईच्या म्हटल्यावर कोण बोलावेल?"

"महाराज भर कीर्तनात सांगायचे. त्यांची बोलावणी बंद झाली?"

त्यानं अर्धा बांधलेला फेटा सोडून खाली ठेवला.

"आणि मी," तेजश्री म्हणाली, "घर सोडून आधी त्या हनुमंताला धरलं."

मांडवात येऊन तिनं हात जोडले. "हनुमंता, सगळ्यांदेखत बोलले, सगळ्यांदेखत माफी मागते. चोरी माझ्याच घरात झाली."

"राहू द्या, ताई," तो म्हणाला. पण तिच्याकडं बघितलं नाही.

कीर्तनाला इंद्रजीत बोडक्यानंच उभा राहिला. मृदंग थांबवायला लावून त्यानं लॅपटॉपवरचं पान एक्केचाळीस मोठ्यानं वाचलं. मग म्हणाला, "हे पान मी काढलं. मला लाज वाटत होती. आता वाटते ती निराळी."

आनंदरावांनी तोंडाला उपरणं लावलं. इंद्रजीतनं पहिला अभंग उचलला.

म्हाळसाआजी पुस्तक मांडीवर घेऊन पुढंच बसली होती. तिनं वाकड्या करंगळीचा हात वर केला.

"पोरा, चाल लई वर धरलीस. खाली घे. आसं." आणि तिनं पहिली ओळ स्वतः म्हणून दाखवली.

इंद्रजीतनं मान खाली घातली आणि तिच्यामागं म्हणू लागला.