शंभर फोन, किती माणसं?

पिंपळझरीत नेमकी माणसं किती? २०६१ च्या एप्रिलमध्ये हा प्रश्न जिवावरचा झाला होता. दहा दिवसांत पारा पन्नाशीला टेकणार होता. त्याआधी सगळ्यांना पुरतील एवढी गारवा-केंद्रं (उन्हाच्या लाटेत राहण्यासाठी थंड ठेवलेल्या इमारती) उभारायची होती.

हे मोजणीचं काम वत्सलाआत्याकडे होतं. ती सरकारी सांख्यिकी कार्यालयात शास्त्रज्ञ होती. दर सुट्टीत तिची बारा वर्षांची भाची सुमेधा शेजारी बसून तिला आकडे वाचून दाखवायची. यंदा त्या खुर्चीत मोजू नावाचा रोबो होता. आत्या त्याला ‘शाब्बास’ म्हणाली, की सुमेधाच्या पोटात दुखायचं.

“रेशनच्या यादीत नऊ हजार माणसं आहेत,” मोजू म्हणाला. “ही प्रशासकीय नोंद (सरकारी कामकाजात तयार होणारी माहिती). पण नऊशे जणांच्या घरचे विजेचे मीटर दोन महिने हललेले नाहीत. म्हणजे ते बाहेरगावी असावेत. आणि टॉवरवर यादीबाहेरचे शंभर फोन रोज दिसतात, सगळे वीटभट्टीजवळ. हा बिग डेटा (यंत्रांतून सतत वाहत येणारी प्रचंड माहिती). नावं काढून, फक्त सांकेतिक क्रमांक ठेवून मी दोन्ही जोडले. नऊ हजारांतून नऊशे वजा, त्यात शंभर मिळवले. आठ हजार दोनशे.”

“वा! शाब्बास!” आत्या म्हणाली.

 भट्टीवर सुमेधा रोज खेळायला जायची. तिथे एका झोपडीत एकच फोन असतो आणि पोरांकडे तर नसतोच, हे तिला ठाऊक होतं. ‘चुकू दे त्याला,’ तिनं मनात म्हटलं. ‘उद्या आत्या कलेक्टरांना आकडा देईल, तेव्हा कळेल सगळ्यांना.’

संध्याकाळी ती भट्टीवर गेली. तिची मैत्रीण फुलवंता धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. पोराचं अंग घामोळ्यांनी लाल झालं होतं.

“आम्हालापण त्या गार घरात घेतील ना गं?” फुलवंतानं विचारलं.

 सुमेधा धावतच घरी आली.

“आत्या, मोजू चुकलाय. आणि मला सकाळीच कळलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही.”

आत्या तिच्याकडे वळली. “का गं?”

“तू सारखं त्यालाच शाब्बास म्हणतेस.”

मोजूनं मान वळवली. “मी फोन मोजले, माणसं नाही. ज्याच्याकडे फोन नाही, तो मला दिसतच नाही. तू दाखवशील?”

दुसऱ्या सकाळी, कलेक्टरांकडे जाण्याआधी, तिघांनी नमुना पाहणी केली (थोड्या घरांना भेटून सगळ्यांचा अंदाज बांधणं). शंभरांतल्या कोणत्याही वीस झोपड्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या. वीस फोन, अठ्ठ्याण्णव माणसं.

“म्हणजे शंभर झोपड्यांत साधारण चारशे नव्वद!” सुमेधा ओरडली.

“यादी जुनी पडते, टॉवर अर्धवट बघतो,” आत्या म्हणाली. “दोन्ही जोडायचे, आणि जिथे शंका येते तिथे स्वतः जाऊन बघायचं.”

एकूण आकडा आठ हजार पाचशे नव्वद झाला आणि भट्टीजवळ आणखी एक केंद्र उभं राहिलं.

लाटेच्या पहिल्या दिवशी सुमेधानं दारात उभं राहून माणसं मोजली. चारशे सत्त्याऐंशी.

“तीनच कमी भरले!” मोजूकडे बघून ती जरा खुशीतच म्हणाली.

“अंदाज थोडा इकडेतिकडे होणारच,” आत्या हसली.

“तरी उन्हात कुणी राहिलं नाही ना, बघून येऊ?” मोजूनं विचारलं.

सुमेधानं टोपी घातली. “चल. पण पुढे मी.”