बाराव्या बाईची वाटी

सबटायटल जुळवणं हे कंटाळवाणं काम आहे आणि मला ते आवडतं. पात्राचं तोंड उघडलं की ओळ यायला हवी, मिटलं की जायला हवी. त्यात आपलं मत द्यायला वाव नाही. दिवसभर इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला असलाच छंद शोभतो, असं माझी बायको राधिका म्हणते.

आमच्या कॉलनीच्या क्लबहाउसमध्ये महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी सिनेमा दाखवतात. मार्चमध्ये पाळी आमच्या बंगाली शेजाऱ्याची, अनिर्बाणदाची होती. त्याने कुणी फारसा न पाहिलेला एक जुना बंगाली सिनेमा काढला, त्रेचाळीसच्या दुष्काळातल्या एका खेड्याचा. इंग्रजी ओळी त्याने लिहिल्या, वेळा मी जुळवल्या. त्यात एक प्रसंग आहे. जमीनदाराच्या दारात बायका रांगेत उभ्या आहेत, भात गाळून उरलेल्या पेजेसाठी. एकेक बाई मातीचं भांडं पुढे करते आणि एकच वाक्य बोलते. बायका अकरा, ओळी अकरा. मी तो प्रसंग निदान चाळीस वेळा पाहिला असेन.

आई ऑक्टोबरमध्ये नागपूरहून आली होती, सहा महिन्यांसाठी. येताना तिने माझ्या बारशाची स्टीलची वाटी आणली होती. कडेला ठिपक्यांनी कोरलेलं, 'चि. शंतनू'. ती त्याच वाटीत वरण घ्यायची. आल्यावर पंधरा दिवसांनी तिने ती वाटी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली. ठिणग्या उडाल्या, अलार्म बोंबलला, आमची तीन वर्षांची अनिका घाबरून रडायला लागली. त्या दिवशी माझी एक मीटिंग बिघडली होती. मी म्हणालो, "आई, घर जाळशील एक दिवस. प्लीज, कशाला हात लावू नकोस."

तिने लावला नाही. विजेच्या शेगडीला तर अनिकाने चाळे करू नयेत म्हणून लॉक होतंच.

आम्ही रविवारी आठवड्याचा स्वयंपाक करून डबे फ्रीझरमध्ये टाकायचो, वर वारांच्या चिठ्ठ्या. मी ऑफिसातून फोन करायचो. "आई, जेवलीस?" "जेवले मी. तू जेव." संध्याकाळी आम्ही घरी पोचेपर्यंत आठ व्हायचे, तोवर तिचं जेवण उरकलेलं असायचं. उशिरा सोसत नाही, म्हणायची. ओट्यावर धुतलेला डबा पालथा घातलेला असायचा. तो पाहिला की मी निश्चिंत. शनिवारी तिचा उपास, त्यामुळे तोही प्रश्न मिटलेला. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा मी म्हणालो, इथलं पाणी मानवत नाही तिला. हुशार माणूस मी.

सिनेमाच्या शनिवारी ती घरीच थांबली. "तुम्ही जाऊन या. मी पडते जरा."

आमच्याकडे आधी जेवण, मग सिनेमा, अशी पद्धत आहे. तीसेक माणसं पुलाव, छोले, श्रीखंड भरपेट खाऊन बसली. अनिका राधिकाच्या मांडीवर झोपली. रांगेचा प्रसंग आला आणि मी सवयीने ओळींवर नजर ठेवली. नववी बरोबर. दहावी बरोबर. अकरावी बरोबर.

पडदा पुढच्या प्रसंगाकडे गेला नाही.

अकराव्या बाईच्या मागून आणखी एक बाई पुढे आली. डोक्यावर पदर, पाठ आमच्याकडे. बाकीच्यांच्या हातांत मातीची भांडी होती. हिच्या हातात स्टीलची वाटी होती आणि ती त्या काळ्यापांढऱ्या चित्रात लखलखत होती. वाटी धरलेला हात वर गेला तशा बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

राधिकाने माझं मनगट घट्ट धरलं.

बाई वळली. खालची सबटायटलची जागा कोरी होती.

"जेवले मी," आई म्हणाली. "तू जेव."

पुढच्या रांगेतून अनिर्बाणदा मागे वळला. "ये मराठी है ना? शंतनू, ये लाइन किसने डाली यार?"

मी पळत सुटलो होतो.

आई स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती, डिशवॉशरला टेकून. शुद्धीवर होती. तिला उचललं आणि मी हादरलो. दहा वर्षांच्या पोरीला उचलावं तेवढाच जोर लागला.

तिच्या ओठांवर पांढरं काहीतरी सुकलेलं होतं. पदर ओला होता, कोमट होता. त्याला भाताचा वास येत होता, आणि लाकडाच्या धुराचा.

शेगडीवर लॉकचा लाल दिवा पेटलेला होता. फ्रीझरमध्ये उरलेला एकच डबा दगडासारखा पडून होता.

"पोट भरलं रे," ती म्हणाली. "त्या बायकांनी मला पुढे घेतलं. म्हणाल्या, हिचं कुणी नाही."

"आई..."

"मी म्हटलं, आहे की. मुलगा आहे. तर हसल्या."

हॉस्पिटलमध्ये तिचं वजन भरलं छत्तीस किलो. डॉक्टरने मला बाहेर बोलावलं आणि अगदी हळू विचारलं, घरी पुरेसं अन्न असतं ना? आमच्याकडे दोन फ्रीज आहेत. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. डब्यांतलं अन्न ती रोज मागच्या तळ्यावर नेऊन बदकांना घालायची, हे तिने दुसऱ्या दिवशी माझ्यादेखत राधिकाला सांगितलं. वितळलं तरी गारढोण अन्न घशाखाली उतरायचं नाही आणि गरम करायची भीती वाटायची. परत ओरडशील म्हणून, असं ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

आता आई बरी आहे. मुक्काम वाढवून घेतलाय. मी घरून काम करतो आणि दोन्ही वेळा तिला माझ्यासमोर बसवून गरम वाढतो. ती जेवते. फक्त तिची वाटी सापडत नाही. घर, गाडी, तळ्याचा काठ, सगळं पालथं घातलं.

"आई, वाटी कुठे ठेवलीस?" एकदा जेवताना विचारलं.

"तिथेच," ती म्हणाली. "जागा धरायला." आणि तिने भातावर वरण ओतून घेतलं.

काल दुपारी मी फाइल उघडली. बायका अकरा, ओळी अकरा, वेळा मी लावल्या तशाच. मग चित्र थांबवून मोठं केलं. अकराव्या बाईच्या मागे आता एक माणूस मावेल एवढी जागा सोडलेली आहे. रेशनच्या रांगेत पिशवी ठेवावी तशी जमिनीवर वाटी ठेवलेली आहे. कडेवरचे ठिपके स्पष्ट वाचता येतात.

आईने तिथे स्वतःची जागा धरलेली नाही. वाटीवर माझं नाव आहे.