दोन बोटांची पट्टी

स्टेजवरच्या माणसाने तीन बोटं वर केली आणि नेल्डाने तीन बिअर नेऊन त्याच्या पायाशी ठेवल्या. नाचाच्या हॉलमधल्या बारवर तिचा तो पहिलाच दिवस! अख्खा बँड खो खो हसत सुटला.

"बाईसाहेब," गिटारवर रेलून हॉयल टकेट म्हणाला, "मी पोरांना पट्टी सांगत होतो. तीन बोटं म्हणजे तीन तीव्र स्वर, म्हणजे 'ए'."

नेल्डा कसली लाजतेय! "आणल्यात तर प्या आता. परत न्यायला मी रिकामी नाही."

टेक्सासच्या अशा हॉलांतून चाळीस वर्षं बँड चालवणाऱ्या हॉयलला असं कुणी सुनावलं नव्हतं. करड्या भुवयांखालून त्याने तिच्याकडे नीट पाहिलं... आणि गाण्याची पहिलीच ओळ विसरला.

मग दर रविवारी दुपारी तेच. त्याने बोटं दाखवायची, तिने बारवरून ओरडायचं, "दोन! म्हणजे 'डी'!"

"शिकलीस की!"

"तुम्ही नाचायला कधी शिकणार?"

"मी नाचलो तर वाजवणार कोण?"

उत्तर ठरलेलं. जगाला नाचवलं, पण हा गडी स्वतः कधी स्टेजवरून खाली उतरला नाही.

अशात दूर तुल्सा शहरात राहणाऱ्या बहिणीने नेल्डासाठी तिकडे काम पाहिलं. सोमवारची बस. तिने हॉयलला सांगितलं, तर म्हणतो कसा, "हं... तुल्सा छान आहे."

बस्स! एवढंच! नेल्डाचा असा संताप झाला... जन्मभर विरहाची गाणी गायली, आणि खरा विरह दारात आला तर तोंडाला कुलूप? तिचा जीव जडला होता त्याच्यावर. त्याचाही जडलाय, हे ती पैजेवर सांगायला तयार होती. पण त्याने बोलायला तर हवं!

रविवारी शेवटच्या गाण्याआधी तिने अ‍ॅप्रन बारवर भिरकावला, थेट स्टेजसमोर आली आणि दोन बोटं वर केली.

"'डी'," हॉयलने बँडला सांगितलं.

"चुकलात. मी पट्टी नाही सांगत."

"मग... दोन बिअर?"

"दोन माणसं, हॉयल. तू आणि मी."

स्टील गिटारवाला ऑटिस म्हणाला, "बॉस, उतर खाली. तुझ्यावाचून काही अडत नाही आमचं."

हॉयलने गिटारचा पट्टा खांद्यावरून काढला. बँडने गाणं सुरू केलं. तो खाली आला आणि पहिल्याच पावलाला तिच्या पायावर पाय दिला.

"मला येत नाही गं."

"कळलं ते. पुढे बोल."

"नेल्डा..." त्याची नजर ठाम होती. "नको जाऊस. मला तू हवीस. रोज."

"अरे, मग इतके दिवस काय झालं होतं?"

"वाजवत होतो ना..."

ती हसली, त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. "नाही जात. बहिणीला सांगते मी काय ते."

गाणं संपत आलं. तिला न सोडता हॉयलने तिच्या पाठीमागून एक बोट वर केलं.

"'जी'?" ऑटिसने विचारलं.

"नाही रे गाढवा! आणखी एक गाणं!"