गार झालेला कप

सल्त गावाच्या उभ्या पायऱ्यांवर माझ्या हातातलं खोकं फुटलं आणि साबणाच्या वड्या टणाटणा खाली निघाल्या… शेवटची जाऊन थांबली ती नायफच्या किराणा दुकानाच्या दारात.

"सगळ्या कंपन्या माल गाडीने पाठवतात," वडी उचलत तो म्हणाला, "तुमची गडगडत पाठवते वाटतं!"

मी हसले. सकाळपासूनचं पहिलं हसू. पाच दुकानांनी 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणत वाटेला लावलं होतं. त्याने वेलचीची कॉफी पुढे केली. आमच्या कंपनीतले लोक ऑर्डर मिळेपर्यंत कपाला तोंड लावत नाहीत, मुलीला मागणी घालायला आलेल्या पाहुण्यांसारखे. समोरच्याने हो म्हटलं की मगच घोट. मी इतकी दमले होते, की एका दमात पिऊन टाकली.

तो बघतच राहिला. "आता मी नाही म्हटलं तर?"

"म्हणा की. कॉफी तर मिळाली!"

त्याने दहा खोकी घेतली.

मग दर सोमवारी मी त्या पायऱ्या चढू लागले. पाय भरून यायचे. तरी त्याच्या दारापाशी डोक्यावरचा रुमाल सारखा करायचे. महिन्याचं टार्गेट पुरं झालं की पुढच्या महिन्यात वाढायचं. हुकलं की आमचे विक्रीप्रमुख गस्सान साहेब सगळ्यांदेखत विचारायचे, "रुबा, झोपा काढतेस का?" मी मनात म्हणायचे, एक दुकान तरी माझ्या बोलण्यावर माल घेतं.

चौथ्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी चाळीस खोकी कमी पडत होती. नाही भरली, तर बदली अकाबाला. चार तास लांब. नायफला सगळं सांगितलं.

"चाळीस? लिहा," नायफ म्हणाला. सहज. फारच सहज.

हात धुवायला मागच्या खोलीत गेले आणि थिजले. भिंतीला लागून माझीच खोकी. सगळी. एकाचीही चिकटपट्टी निघाली नव्हती.

"हे काय आहे, नायफ?"

तो तराजू पुसू लागला. "इथले लोक घरचाच साबण वापरतात, ऑलिव्हच्या तेलाचा. तुमचा… नाही खपत."

"मग घेत का होतात?"

"नसता घेतला, तर सोमवारी आला असतात?"

माझे डोळे भरले. रागाने की थकव्याने, कळेना. "मला वाटलं होतं, मला विकता येतं…"

"चाळीस लिहा ना. बदली टळेल."

"नको." मी वही मिटली. "अकाबा तर अकाबा."

त्याने दोन कप भरले. माझा मी प्यायले. त्याने आपला माझ्यासमोर ठेवला — तसाच, भरलेला.

"प्या. गार होईल."

"होऊ दे." त्याचे कान लाल झाले. "माझं एक मागणं आहे."

"साबण परत द्यायचाय?"

"रुबा!"

मी कपाकडे पाहिलं… त्याच्याकडे पाहिलं. "हा कप माझ्या बाबांसमोर ठेवायचा असतो. वडीलधाऱ्यांना घेऊन."

"शुक्रवारी आणतो. आजोबा, काका, सगळे. पण तू…?"

"अकाबात किराणा चालतो म्हणे."

"चालवू. तिथे तुझा साबण खपतो का, तेही बघू!"

"मग प्या आता."

त्याने तो गार कप एका दमात रिकामा केला.

चाळीस खोकी कमीच राहिली. पायऱ्या उतरताना पाय नेहमीइतकेच दुखत होते. पण मी कुठे टेकले नाही. बाबांना शुक्रवारचं सांगायचं होतं.