त्रेसष्ट टक्क्यांवर

पुतणीची परीक्षा सोमवारी, आणि शनिवारची दुपार कलली तरी तिचा कॉम्प्युटर काही ताळ्यावर येईना. धाकट्याच्या नाकी नऊ आले होते.

खरं तर सुटे भाग जोडून कॉम्प्युटर उभा करणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. दादाबरोबर बारा वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवलं ते काय उगीच? पण इथे, वहिनीच्या जेवणाच्या टेबलावर, ऑपरेटिंग सिस्टीम चढायला लागली की त्रेसष्ट टक्क्यांवर बसकण मारायची. पेनड्राइव्ह बदलला. त्रेसष्ट. हार्डडिस्क बदलली. त्रेसष्ट. भाग सगळे नवे होते. वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय, तेवढा दुकानातला जुना. त्याचं झाकण कुठे गेलं कोण जाणे, पण चालतोय ना, मग फेकायचा कशाला?

"कुठल्या मुहूर्तावर जन्मलास रे बाबा!" म्हणत त्यानं प्लग काढला, रॅमची एक पट्टी उपसली आणि पुन्हा सुरू केलं.

वहिनीनं चहा आणून ठेवला. पण ती आत गेली नाही.

"भावोजी, एक विचारू? त्या दिवशी ह्यांनी खरंच विचारलं नव्हतं?"

दुकानात दोघांचा नेम होता. मशीनमध्ये हात घालण्याआधी दादा विचारायचा, "बंद?" धाकट्यानं उठायचं, भिंतीतला प्लग उपटायचा आणि मगच म्हणायचं, "बंद." दादानं विचारायचं कधी चुकवलं नाही. त्या दिवशीही नाही. पण सकाळीच त्यानं गिऱ्हाइकासमोर धाकट्याला गाढव म्हटलं होतं. धाकटा खुर्चीतून हललाच नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "बंद." बसू दे एक झटका, उतरू दे मस्ती!

दादा उघड्या पॉवर सप्लायवर कोसळला तो पुन्हा उठला नाही. हाच तो पॉवर सप्लाय.

"नाही हो वहिनी. घाईत होता. विचारलंच नाही त्यानं." आठ महिन्यांत हे वाक्य त्याला तोंडपाठ झालं होतं.

वहिनी मान हलवून आत गेली. आकडा त्रेसष्टवर थांबला. या खेपेला नेहमीचा इंग्रजी संदेश आला नाही. पडद्याच्या मधोमध एकच शब्द आला.

बंद?

धाकट्यानं खुर्ची मागे सरकवली. मग तो स्वतःवरच चिडला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! भाषा निवडताना बोट चुकलं असेल. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली, भाषा इंग्रजीच आहे हे दोनदा पाहिलं.

त्रेसष्ट. बंद?

"बंद," तो पुटपुटला. सवयीनंच तोंडातून निघून गेलं.

चौसष्ट. पासष्ट. आकडा भराभर चढू लागला. तीन तास ज्याची वाट पाहिली ते घडत होतं, पण त्यानं माउसवरचा हात काढून घेतला. नव्याण्णववर आकडा पुन्हा थांबला.

बंद?

आता त्यानं ओठ घट्ट मिटले. उठला, भिंतीपाशी गेला. सगळ्याचा मिळून एकच प्लग होता. तो त्यानं उपटला.

कॉम्प्युटरचा पंखा फिरतच राहिला.

पडद्यावरचा शब्द हलला नाही. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. सांगून टाकावं, त्याला वाटलं. 'विचारलं होतं त्यानं.' तीन शब्द तर आहेत.

"वहिनी!"

"काय हो?"

डोळ्यांसमोर सगळं आलं: वहिनीची नजर, पुतणीची नजर, उद्यापासून लोकांनी फिरवलेली तोंडं.

"काही नाही."

तेव्हा पाठीमागून, तो आत्ताच उठला होता त्या खुर्चीतून, आवाज आला. आळसावलेला, रागावलेला. त्याचा स्वतःचा.

"बंद."

"झालं का बंद? बरं केलंत," वहिनी आतून म्हणाली. "चहा घ्या, गार होईल."

पाय त्याला टेबलाकडे घेऊन आले. प्लग त्याच्या डाव्या हातात होता, वायर मागून फरशीवर घासत येत होती. उजवा हात त्यानं हलवला नव्हता. तरी तो हात झाकण नसलेल्या पॉवर सप्लायकडे चालला होता, अगदी निर्धास्त, दादाचा जायचा तसा.